वणवा लवकर कळायला काय लावावं? सॅटेलाइट, कॅमेरा की सेन्सर (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

भोरकडे आमच्या गावाने डोंगरउतारावर झाडं लावलीत, चाळीसेक एकर. फेब्रुवारी लागला की गवत वाळून कडक होतं आणि कोणी ना कोणी काडी लावतंच, पुढच्या वर्षी गवत जोमात येतं म्हणे. जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) आम्ही काढतो, तो प्रश्न नाही. प्रश्न आहे आग पहिल्या वीस मिनिटांत कळण्याचा, कारण एकदा ती वाऱ्याबरोबर उतार चढायला लागली की हिरव्या फांद्या घेऊन कितीही पोरं झोडपायला गेली तरी आवरत नाही.

आत्तापर्यंत जेवढं वाचलं ते असं. नासाचं फर्म्स (सॅटेलाइटला दिसलेल्या आगी नकाशावर दाखवणारी सेवा) आणि भारतीय वन सर्वेक्षणाचे अलर्ट फुकट आहेत, नोंदणी केली की झालं. पण व्हिअर्सचे (हे आगीची उष्णता टिपणारं उपकरण) सॅटेलाइट आपल्यावरून जातात ते साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास, वर डेटा यायला वेळ लागतो तो वेगळाच. आमच्याकडे काडी पडते संध्याकाळी, गुरं घरी आली की. रात्री दीडला ठिपका दिसेपर्यंत डोंगर काळा झालेला असतो! त्यातून एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, मोडिस या जुन्या उपकरणाचा तर किलोमीटरचा. इन्सॅट हा आपला हवामानाचा सॅटेलाइट अर्ध्या तासाने बघतो खरा, पण त्याचा पिक्सेल 4 किलोमीटरचा, आमचं गवत त्याला काय दिसणार. पंचनाम्याला वगैरे हे सगळं ठीक आहे, विझवायला नाही.

मग कॅमेरा. पेंच व्याघ्र प्रकल्पात 2024 मध्ये टॉवरवर एआयवाला बसवलाय, धूर ओळखून मिनिटांत कळवतो म्हणतात. तेवढं बजेट आपलं नाही, पण देवळाच्या शिखराजवळ साधा फिरता कॅमेरा बसू शकतो. अडचण अशी की त्याच दिवसांत भाताचे राब भाजतात (रोपांच्या जागेवर पालापाचोळा टाकून जाळतात), सगळ्या खोऱ्यात धूरच धूर, मग तो दर दहा मिनिटांनी बोंबलणार आणि चार दिवसांनी लोक फोन बघायचेच बंद होणार.

गॅस सेन्सर (हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड वगैरे, लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवर चालणारे) दाट झाडीत, पाचोळा धुमसत असताना चांगले वाटतात. उघड्या माळावर वाऱ्यात गॅस तिथे टिकेल का पण? आणि माकडं सोलर पॅनेल ठेवतील का, हा वेगळा धागा होईल.

माझा कल सध्या असा आहे की गावातलीच दोन पोरं सीझनभर पगारावर संध्याकाळी कड्यावर बसवायची, जोडीला एक कॅमेरा. पण कड्यावर रेंज नाही, खबर खाली कशी द्यायची तिथे गाडी अडलीये. वॉकीटॉकीला परवाना लागतो का? आणि राबाचा धूर नि वणव्याचा धूर कॅमेऱ्याला वेगळा ओळखायला लावलाय का कुणी, निदान राबाची खाचरं फ्रेममधून मास्क करून? थर्मल कॅमेरा परवडण्यासारखा असेल तर मॉडेलही सांगा, जाहिरात नको, स्वतः वापरलेलाच.