‘आभासी रुग्ण’ : संमतीपत्रात सिम्युलेशनला काय म्हणावं?

पानकणीस: हृदयाच्या सीटी स्कॅनवरून रक्तप्रवाहाचं सिम्युलेशन करणाऱ्या अभ्यासाचं संमतीपत्र मराठीत करायचं आहे. वाक्य असं : ‘तुमच्या स्कॅनवरून तुमचा आभासी रुग्ण तयार करून त्यावर उपचाराचं सदृशीकरण केलं जाईल.’ (सदृशीकरण म्हणजे सिम्युलेशन.) तपासणाऱ्यांनी ‘सदृशीकरण’ खोडून ‘अनुकरण’ केलं. काय लिहावं?

दर्भ: ‘अनुकरण’ नकोच. मूल मोठ्यांचं करतं ते अनुकरण. इथे समीकरणं सोडवतात. सीटीतून हृदयरोहिण्यांचा आकार वेगळा काढायचा, टोकाच्या बारीक वाहिन्या प्रवाहाला किती अडवतील ते हृदयस्नायूच्या वजनावरून गृहीत धरायचं, मग अडथळ्यापुढचा दाब काढायचा. सदृशीकरण रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

उंबरठा: रुळलाय तो पाठ्यपुस्तकांत. सरळ ‘सिम्युलेशन’ लिहा आणि खाली फोड करा : ‘उपचार तुमच्या शरीरावर न करता, त्याने काय होईल याचा अंदाज संगणकावर गणित मांडून घेतला जाईल.’ संमती कृतीला द्यायची असते, शब्दाला नाही.

दर्भ: अशाने मराठीत शब्द घडायचेच नाहीत. ‘संगणक’ तरी पहिल्या दिवशी कोणाच्या तोंडात बसला होता?

तिफण: माझी हरकत ‘आभासी’ला आहे. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारासाठी व्हर्जिनिया आणि पादुआ विद्यापीठांनी केलेला सिम्युलेटर घ्या : १०० प्रौढ, १०० किशोरवयीन, १०० मुलं. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये इन्सुलिनच्या स्वयंचलित नियंत्रणाच्या पूर्वचाचणीत प्राण्यांवरच्या प्रयोगांऐवजी तो ग्राह्य धरला. ते ३०० म्हणजे खरी माणसं नव्हेत, समीकरणांत घालायच्या आकड्यांचे (गुणांकांचे) संच, त्यांना आभासी म्हणा. पण ज्याच्या स्कॅनवरून प्रतिरूप (मॉडेल) बनतं तो माणूस समोर बसून सही करतोय! ‘आभासी’ वाचून त्याला वाटेल, यात माझं काहीच नाही.

‘व्हिजिबल ह्यूमन’ या मानवी शरीराच्या छेदचित्रांच्या संगणकीय संग्रहात हेच झालं. १९९३ मध्ये टेक्सासात विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिलेल्या कैद्याचा देह गोठवून एकेका मिलिमीटरने तासला, १,८७१ छेदांची छायाचित्रं काढली आणि १९९४ मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. देहदानाला त्याची संमती होती. संगणकात आपलं शरीर जगभर फिरेल, हे त्या संमतीत नव्हतं. नावही लवकरच बाहेर आलं.

उंबरठा: +१. अहवालातलं क्रियापदही बघा. ‘दाबाचं गुणोत्तर (अडथळ्यापुढचा दाब भागिले अडथळ्यामागचा दाब) ०.७८ मोजलं’ हे चूक. मोजतात ते रोहिणीत दाब मोजणारी तार घालून. हे ‘हिशेबाने काढलेलं’. ०.८० किंवा कमी आलं की अडथळा महत्त्वाचा धरतात. रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचलं असेल तर सीटीत ते फुगून दिसतं, पोकळी आहे त्याहून अरुंद भासते आणि आकडा खाली घसरतो. स्कॅनच्या वेळी ठोके जलद असले तर कडाच धूसर. उद्या वाद झाला तर ‘मोजलं’ लिहिणाऱ्या डॉक्टराने अंदाजाला मापाचा दर्जा दिला, असं म्हणता येईल.

दर्भ: हे पटलं. मग ‘व्हेरिफिकेशन’ आणि ‘व्हॅलिडेशन’ दोन्हींना ‘पडताळणी’ लिहितात, तेही थांबवा. पहिल्यात समीकरणं बरोबर सुटली का हे बघतात, दुसऱ्यात समीकरणं मुळात योग्य होती का हे. पहिल्याला ‘ताळा’, दुसऱ्याला ‘पडताळा’. नवाचा ताळा गणिताचा असतो, पडताळा प्रत्यक्षाशी. मराठीत हा भेद आयता आहे. अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचं २०१८ चं व्ही अँड व्ही ४० हे मानक याच दोहोंवर उभं आहे, शिवाय प्रतिरूप कोणत्या निर्णयासाठी वापरणार हे आधी सांगायला लावतं.

तिफण: ‘ताळा’ छान, पण ‘पडताळा’तही ताळा ऐकू येतो. वाचणारा दोन्ही एकच समजेल.

दर्भ: नवाच्या ताळ्याला कोणी नवाचा पडताळा म्हणत नाही. वापरून तरी बघा.

उंबरठा: वापर कागदावर ठरत नाही.

पानकणीस: ‘आभासी’ काढून ‘तुमच्या हृदयाचं संगणकीय प्रतिरूप’ केलं. पण पुढचं कलम अडलंय : ‘तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता.’ स्कॅन पुसता येतो. पण त्यावरून काढलेला आणि शेकडो जणांच्या सरासरीत गेलेला गुणांक परत काढता येत नाही. मग तिथे ‘माघार’ लिहायचं का?

तिफण: ‘यापुढे वापरणार नाही’ इतकंच लिहा. ‘माघार’ म्हटलं की दिलेलं परत मिळतं असं वाटतं.

दर्भ: माघार म्हणजे मागे फिरणं. परत मिळण्याचा अर्थ त्यात कुठून आला?