प्रतिसाद : गडचिरोलीतील पक्षाघाताचे मृत्यू

हृदयविकार आणि पक्षाघात (स्ट्रोक) हे शहरी, सुखवस्तू माणसांचे आजार आहेत असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन नातेवाइकांकडून विचारून घेतली, तेव्हा पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले. साधारण सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक रुग्ण घरीच वारले, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबलो असतो तर ते आपल्याला दिसलेच नसते.

अशा आजारांच्या मृत्यूंचे तालुक्यातालुक्यांतले आकडे ताडून पाहताना आणखी एक गोष्ट पाहावी. २०२० साली देशातील नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. त्यातही ‘फॉर्म ४’वर, म्हणजे डॉक्टर मृत्यूचे कारण लिहून देतात त्या प्रमाणपत्रावर, कारणाच्या पहिल्याच ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहून मूळ आजारासाठीच्या खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या जातात. (हृदय कोणाचे बंद पडत नाही?) त्यामुळे एखाद्या तालुक्यात दर वाढलेला दिसला, तर आजार वाढला, नोंद सुधारली की गावात म्हातारी माणसेच अधिक उरली, हे नोंदी तपासल्याशिवाय आणि वयानुसार प्रमाणित दर (म्हणजे सगळीकडची वयोरचना सारखीच धरून काढलेला दर) काढल्याशिवाय सांगता येणार नाही.