मेथीला मोड आणायला ५५० कोटी? गगनयानाचा खर्च तुम्हाला पटतो का?

पंगतीतला_बळी

रविवारी मामेभावाच्या साखरपुड्यात जेवताना वाद झाला, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. विषय निघाला शुभांशू शुक्लाचा. मी म्हटलं भारी ना, १९८४ ला राकेश शर्मा गेले त्यानंतर ४१ वर्षांनी आपला माणूस वर गेला, स्पेस स्टेशनवर १८ दिवस राहून आला, सोबत आमरस पण घेऊन गेला होता. मावशी वाढत होती, तिने विचारलं, ते ठीक आहे पण तिथे जाऊन त्याने केलं काय? आता प्रयोग बरेच होते पण मला ऐनवेळी एकच आठवला, मी सांगून मोकळा, मेथी आणि मुगाला मोड आणले.

झालं. अख्खी पंगत हसायला लागली. मावशी म्हणे अरे मी फडक्यात बांधून दोन दिवसांत आणते की, किती खर्च आला त्याला? मी मोबाईलवर बघून म्हटलं साधारण ५५० कोटी (त्यात सीट, ट्रेनिंग, राखीव अंतराळवीराचं ट्रेनिंग सगळं आलं, पण तेवढं ऐकायला कोणी थांबलं नाही). मावशीने मठ्ठ्याचा जग खाली ठेवला आणि हात जोडले.

तर आता सिरियसली. मला 'देशात गरिबी असताना रॉकेट कशाला' हा वाद नकोय, तो लाख वेळा झालाय. हवामानाचे, इन्सॅटचे, नकाशांचे उपग्रह हवेतच. माझा प्रश्न फक्त माणूस पाठवण्याबद्दल आहे. गगनयान, म्हणजे आपल्याच रॉकेटने आपली माणसं वर पाठवायची इस्रोची मोहीम, २०१८ ला मंजूर झालं तेव्हा ९,०२३ कोटी होतं, २०२४ मध्ये ते २०,१९३ कोटींवर गेलं, म्हणजे त्यात पुढची जास्तीची उड्डाणं आणि आपल्या स्वतःच्या स्टेशनचा पहिला तुकडा पण धरलाय हे मान्य. पण चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटीत झालं. साधा भागाकार केला तर बत्तीस चांद्रयानं येतात हो त्यात. आणि माणूस जाणार होता २०२२ ला, आता २०२७ म्हणतायत. कोणी नीट समजावून सांगेल का की माणूसच कशाला?

शून्य_शून्य_सात

२०,१९३ कोटी भागिले १४० कोटी लोक = माणशी १४४ रुपये, तेही दहाएक वर्षांत मिळून. वर्षाला एक वडापाव. एवढ्यासाठी पंगतीत भांडलात?

औंढेकर

माणशीवालं गणित करू नका हो, त्या गणिताने काहीही स्वस्तच दिसतं. अटल सेतू १७,८४० कोटींचा, तोही माणशी सव्वाशे रुपये, मग काय प्रत्येक खाडीवर एक बांधायचा का. लाडकी बहीणला एका वर्षाला एका राज्यात ३६ हजार कोटींची तरतूद होती, त्याच्यापुढे गगनयान किरकोळच वाटणार. अख्ख्या अवकाश विभागाचं २०२५-२६ चं बजेट १३,४१६ कोटी आणि केंद्राचं पन्नास लाख कोटींच्या वर, म्हणजे शंभर रुपयांतले चार आणे. त्यामुळे देश काय बुडत नाही गगनयानाने.

माझा मुद्दा त्या चार आण्यांच्या आतला आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो होतंय, गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, चार-चार किलोमीटरचे दोन हात असलेली. २०१६ ला तत्त्वतः हो म्हणाले आणि पैशासकट मंजुरी आली २०२३ ला, २,६०० कोटी. ते पैसे अवकाश खात्यातून येत नाहीत हे माहितीये मला, पण शेवटी तिजोरी एकच ना. सात वर्षं गावात लोक विचारायचे काय झालं तुमच्या त्या यंत्राचं, आणि आमच्याकडे उत्तर नसायचं. तिथून नोबेलच्या तोडीचं विज्ञान निघू शकतं पण त्यात हात हलवणारा माणूस दिसत नाही, मागे तिरंगा दिसत नाही, म्हणून ते रांगेत मागे. माणूस पाठवणं हे विज्ञानासाठी आहे असं कृपया सांगू नका, देशाच्या इभ्रतीसाठी आहे म्हणा, मग मी पण टाळ्या वाजवीन.

भोसरी_टर्नर

मी दुसऱ्या बाजूने सांगतो. माझं छोटं वर्कशॉप आहे, चार मशिन. एका मोठ्या कंपनीकडून अवकाशाचे जॉब येतात आमच्याकडे, नाव नको. कुठल्या रॉकेटला कुठे लागणार हे आम्हाला सांगत नाहीत, फक्त ड्रॉइंग येतं.

पहिल्या लॉटला काय झालं सांगतो. बारा रिंगा केल्या, मायक्रॉनमध्ये माप बरोबर, मी खूश. त्यांचा इन्स्पेक्टर आला, डीपी टेस्ट केली, म्हणजे लाल रंग लावतात, पुसतात, मग पांढरा डेव्हलपर मारतात आणि कुठे केसासारखी चीर असेल तर लाल रेघ वर येते. एकावर आली. नखाएवढी पण नाही. मी म्हटलं साहेब पॉलिश मारून काढतो, तो म्हणाला हात लावू नका, आणि त्या एका रिंगसाठी त्याच हीट नंबरच्या, म्हणजे एकाच वितळणीच्या धातूच्या, बाराच्या बारा बाजूला ठेवल्या, मटेरिअलची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) परत मागवली, कोणत्या शिफ्टला कोणी कोणत्या टूलने कापलं ते रजिस्टर मागितलं. रजिस्टर कुठे होतं आमच्याकडे! तीन आठवडे गेले. शिव्या घातल्या मी त्या दिवशी. पण आता माझ्याकडे प्रत्येक जॉबचं रजिस्टर आहे, आणि त्याच्या जोरावर मला मेडिकल इम्प्लांटचं काम मिळालं, ज्यासाठी आधी कोणी दारात उभं केलं नसतं.

माणूस बसणार असेल तर हे सगळं अजून दुप्पट कडक. गगनयानाचं रॉकेट एलव्हीएम-३, त्याच्या बाजूचे ते दोन जाड बूस्टर, एस-२००, प्रत्येकात दोनशे टन घन इंधन, एकदा पेटले की बंद करता येत नाहीत. उपग्रह असेल तर गेला तर गेला. माणूस असेल तर तो बसलेला वरचा डबा सेकंदात ओढून लांब न्यायची वेगळी रॉकेटं लागतात टोकावर. ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला तेच टेस्ट केलं, पाच सेकंद बाकी असताना कॉम्प्युटरने काउंटडाउन थांबवलं, सापडला दोष, दहा वाजता उडवलं. डबा समुद्रात पडल्यावर उलटा झाला तो भाग वेगळा, पण पॅराशूटं उघडली. तर पैसा जातो तो ह्यात जातो, वालचंदनगर, पवई, विक्रोळीच्या कारखान्यांतून फिरत आमच्यासारख्यांपर्यंत येतो. वर काही जळून जात नाही पैसा.

औंढेकर

भाऊ तुमचं रजिस्टर पटलं. पण ती शिस्त अणुभट्टी, विमानाचं इंजिन, पाणबुडी कशानेही लागली असती ना? रजिस्टर ठेवायला शिकण्यासाठी माणूस वर पाठवायची गरज नाही.

भोसरी_टर्नर

नसेल. पण मला ती ऑर्डर आली नाही ना, ही आली.

सदाशिव_पेठी

विक्रम साराभाईंचं ते प्रसिद्ध वाक्य सगळे अर्धंच टाकतात फॉरवर्डमध्ये. समाजाच्या खऱ्या प्रश्नांना प्रगत तंत्रज्ञान लावण्यात आपण कोणाच्या मागे राहता कामा नये, हा उत्तरार्ध. त्याच्या आधी ते काय म्हणालेत? की चंद्र, ग्रह किंवा मानवी अंतराळ उड्डाण यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आम्ही बघत नाही. मानवी उड्डाण! शब्द आहेत त्यात. इस्रोच्या जनकाने स्वच्छ नाही म्हटलेलं काम इस्रो त्यांच्याच फोटोला हार घालून करतेय. त्यांच्या डोक्यातलं काम काय होतं तर १९७५ चा साईट प्रयोग, २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही, शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम. तोपर्यंत ते राहिले नाहीत, १९७१ लाच गेले.

शून्य_शून्य_सात

काका त्याच वाक्यात चंद्र पण आहे. मग चांद्रयान-३ उतरलं तेव्हा तुम्ही पेढे वाटले नव्हते का? 😀

सदाशिव_पेठी

वाटले होते. चितळ्यांचे. मुद्दा घेतला, पण चांद्रयान स्वस्तात झालं आणि त्यात कोणाचा जीव पणाला नव्हता, म्हणून गप्प बसलो.

रेवदंड्याचा_नाखवा

आमची बोट आहे, आता भाऊ बघतो, मी पनवेलला नोकरीला. उपग्रहाचा फायदा आम्हाला विचारा. समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हिरवं शेवाळ उपग्रहावरून बघून हैदराबादवरून मासळीचा पट्टा सांगतात, अमुक दिशेला एवढे किलोमीटर, एवढी खोली. पूर्वी बाबा पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जायचे, ते बरोबर यायचंच, पण चुकलं की डिझेल फुकट आणि खलाशांना रिकाम्या हाताने घरी. आता भाऊ दोन्ही बघतो, पट्टा पण आणि पक्षी पण. बाबा अजून म्हणतात पक्षी जास्त खरे.

आणि वादळाचा इशारा. ओडिशाला १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ ला फायलीन तिथेच आलं तेव्हा काही डझन. त्यात उपग्रहाचा वाटा मोठा आहे, लोकं वेळेत हलवली.

पण ह्यात माणूस कुठेच नाही वर. माझा राग असा की २०२५ च्या जानेवारीत नाविकचा, म्हणजे आपल्या देशी जीपीएसचा, नवा उपग्रह वर गेला आणि व्हॉल्व्हच्या लफड्यामुळे त्याला ठरलेल्या कक्षेत नेताच आलं नाही, मेमध्ये पीएसएलव्ही रॉकेट पडलं पृथ्वी बघायचा उपग्रह घेऊन. हे आमच्या रोजच्या कामाचे. आधी हे सुधारा मग माणूस पाठवा, एवढंच. घरातला नळ गळतोय आणि आपण गच्चीवर कारंजं बसवतोय.

टेक्सासवासी

मी अमेरिकेत आहे वीसेक वर्षं, खर्चाबद्दल इथलं थोडं सांगतो. १ फेब्रुवारी २००३, शनिवार सकाळ, मी तेव्हा पूर्व टेक्सासमध्ये शिकायला होतो. आठच्या सुमाराला झोपेत मोठा गडगडाट ऐकला आणि खिडक्या थरथरल्या, वाटलं ट्रेनचा अपघात. तासाभराने टीव्ही लावला तर परत येताना अमेरिकेचं कोलंबिया शटल माणसांसकट तुटलं होतं. तुकडे आमच्या आजूबाजूच्या रानांत, शेतांत पडलेले, पुढे कित्येक आठवडे लोक रांगा करून जंगल विंचरत होते. कल्पना चावलाचं नाव घेतलं की मला अजून तो आवाज आठवतो. कारण काय होतं तर लाँचच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला. फोम! थर्माकोलसारखं हलकं. १३५ उड्डाणांत दोन यानं आणि १४ माणसं गेली शटलची. म्हणून मानवी मोहिमेला दहापट पैसा का लागतो ह्याचं उत्तर माझ्यासाठी तिथे आहे, त्यात काटकसर करायची नसते. भोसरीवाल्यांचा तो इन्स्पेक्टर बरोबर होता.

आता माणूस कशाला ह्यावर. हबल दुर्बीण १९९० ला सोडली आणि आरसाच चुकीचा घासलेला निघाला. १९९३ च्या डिसेंबरमध्ये माणसं जाऊन तिला चष्मा लावून आली. रोबोटला ते जमलं नसतं तेव्हा. अपोलोने सहा खेपांत ३८२ किलो दगडमाती आणली, त्याच काळात रशियाच्या यंत्रांनी तीन खेपांत मिळून पाव किलोच्या थोडं वर.

पण हे पण खरं की तो जमाना गेला. चीनने यंत्राने २०२० ला पावणेदोन किलो आणली आणि २०२४ ला चंद्राच्या पलीकडच्या बाजूने जवळजवळ दोन किलो, माणूस न पाठवता.

मला जो मुद्दा खरंच वजनदार वाटतो तो वेगळाच आहे. २०११ ला शटल बंद झालं आणि २०२० पर्यंत अमेरिकेकडे स्वतःचा माणूस वर पाठवायला गाडीच नव्हती. रशियाकडून सीट घ्यायचे, भाव वाढत वाढत एका सीटला नऊ कोटी डॉलरच्या आसपास गेला. घासाघीस कशाच्या जोरावर करणार, दुसरी गाडीच नाही स्टँडवर. आपण शुभांशूला पाठवलं ती पण विकत घेतलेलीच सीट. एकदा जायचं असेल तर सीट स्वस्त, नेहमी जायचं असेल तर स्वतःची गाडी. त्यामुळे प्रश्न हा आहे की आपल्याला नेहमी जायचंय का, आणि हे कोणी आपल्याला विचारलं नाहीये, १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं आणि आपण टाळ्या वाजवल्या.

औंढेकर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

बाय द वे, मूळ प्रश्नकर्त्यासाठी. इस्रोने डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्यावर, जो एरवी कचरा म्हणून फिरतो, एक बंद डबी ठेवली होती. आत चवळीचे आठ दाणे. चार दिवसांत मोड आले, मग पानं पण फुटली. माणूस शून्य.

पंगतीतला_बळी

चवळी!! हे पंगतीत माहीत नव्हतं ते बरं, मावशीने मला पानावरून उठवलं असतं.

सगळ्यांचं वाचून माझं मत अर्धवटच राहिलंय. टेक्सासवाल्यांचा गाडीचा मुद्दा पटला, नाखव्यांचा नळ त्याहून जास्त पटला. नाविक आणि पीएसएलव्ही धड चालत असते तर मी गगनयानाला डोळे झाकून हो म्हटलं असतं बहुतेक.

पण गंमत ऐका, काल मावशीला फोनवर हा धागा वाचून दाखवला. बराच वेळ हूं हूं करत होती आणि मग म्हणाली, अरे पण तिथे वर-खाली नसतं ना, मग मेथीचं मूळ कुठल्या बाजूला जातं? मला काही सांगता आलं नाही. कोणाला माहितीये का?

टेक्सासवासी

भरकटतं. मुळाच्या टोकाशी जड कण असतात, खाली कुठे ते त्यांच्यावरून कळतं, तिथे ते तरंगतात. मग ओलावा असेल, किंवा उजेडापासून लांब, तिकडे वळतं, नाहीतर वाकडंतिकडं. शुभांशूची मेथी-मूग धारवाडच्या लोकांचा प्रयोग होता, फ्रीझरमध्ये ठेवून खाली आणलेत. मावशींना सांगा, प्रश्न एकदम बरोबर विचारलाय.

पंगतीतला_बळी

सांगितलं. म्हणाली मग ५५० कोटीत एक फोटो तरी दाखव त्या मुळाचा.