फायटर पायलट म्हणजे काचेत बसलेले साहेब?

होटगीरोडकर:
परवा यंत्रमागवाले इथं लिहून गेले, "फायटर पायलट म्हणजे काचेत बसून बटण दाबणारे साहेब. खरी लढाई पायदळाची." वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

6 जीचं, म्हणजे वजन सहापट वाटायला लावणारं वळण घेतलं की 70 किलोचा माणूस 420 किलोचा होतो. रक्त पायाकडं उतरतं. आधी रंग जातात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग सगळाच अंधार. जी-सूट म्हणजे पायलटचा खास पोशाख पोट आणि मांड्या आवळतो, बाकीचा जोर पायलटनंच काढायचा. त्यातच मान मागं वळवून शेपटीला कोण लागलंय ते बघत राहायचं. बटण दाबायला मिळतं ते एखाद-दोन सेकंद, आणि 1965 च्या युद्धात नॅट या आपल्या छोट्या लढाऊ विमानाच्या 30 मिमी तोफा नेमक्या तेव्हाच अडकायच्या!

आपल्या हवाई दलाचे पायलट निर्मलजीत सिंग सेखों आठवा. 14 डिसेंबर 1971, श्रीनगर. तळावर हल्ला चालू, वर पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं, आणि हा गडी नॅट घेऊन उडाला. परत आला नाही. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

यंत्रमागवाला:
सेखोंबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, उगीच माझ्या तोंडी घालू नका. माझे वडील 71 ला पायदळात होते. आठवडाभर बूट काढले नव्हते, खंदकातच जेवण, तिथंच झोप. तुमचा पायलट संध्याकाळी मेसमध्ये गरम जेवायचा. वडील सांगायचे, विमानाचा आवाज आला की आम्ही आधी आडवे व्हायचो. आपलं का त्यांचं, ते नंतर.

होटगीरोडकर:
जेवायचा, परत आला तर! 71 च्या युद्धात आपले पायलट दिलीप पारुळकर यांचं विमान पाकिस्तानात पडलं. रावळपिंडीच्या छावणीत कैद. ऑगस्ट 1972 मध्ये दोन साथीदारांना घेऊन भिंतीला भोक पाडून निसटले आणि पार अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलला जाऊन पकडले गेले. तिथं कुठली मेस होती हो?

नवीपेठकर:
दोघंही जुनंच उगाळताय. डॉगफाइट, म्हणजे विमानांची जवळून झटापट, संपली. आता समोरचा दिसायच्या आधीच क्षेपणास्त्र सुटतं.

होटगीरोडकर:
अमेरिकेलाही असंच वाटलं होतं. त्यांच्या सुरुवातीच्या फँटम लढाऊ विमानांत तोफच बसवली नाही. व्हिएतनाममध्ये मार खाल्ला, मग पुढच्या मॉडेलात बसवली.

ऊसवाला:
श्रीनगर, रावळपिंडी, व्हिएतनाम सगळं झालं. आपल्या सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावर बोला की जरा. त्याच्यापायी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली आणि गोव्याचं विमान उडालं जून 2025 ला. मधल्या दोन वर्षांत आमच्या उसाचं काय झालं, विचारलं कुणी?

नवीपेठकर:
आली चिमणी! धागा कुठलाही असो, ह्यांची चिमणी ठरलेली. विमान नव्हतं म्हणून सोलापूरची पोरं पुण्याला जायला लागली, ते दिसत नाही का?

ऊसवाला:
पोरं नोकरीला जातात ओ, विमान बघायला नाही. माझा ऊस लांबच्या कारखान्याला घालावा लागला, वाहतुकीनं कंबरडं मोडलं. तुमचं गोव्याचं तिकीट त्यातूनच निघालं म्हणा.

यंत्रमागवाला:
ह्यांचं मात्र पटलं. चादरी आजही ट्रकनंच जातात. विमानानं एक टॉवेल तरी गेला का?

नवीपेठकर:
विमानतळ फक्त टॉवेलसाठी असतो का बे? आजारी माणूस वेळेत मुंबईला पोचवायचा असतो, तेव्हा कळतं. माझ्या मामाला रात्रभर गाडीतून नेलंय आम्ही.

ऊसवाला:
मामांचं वाईट वाटलं, खरंच. पण चिमणी न पाडता दुसरी जागा मिळत नव्हती, हे मला कुणीही पटवून दिलेलं नाही.

होटगीरोडकर:
चिमणीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो. यंत्रमागवाले, आपले पायलट देवय्या, त्यांचं काय म्हणता? 7 सप्टेंबर 1965, सरगोधा. पाकिस्तानचं आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्टारफायटर विमान मागं लागलेलं. स्वतःचं मिस्टेअर विमान जुनं, हळू. तरी खाली वळणांच्या झटापटीत ओढून त्यालाच पाडलं. आपणही गेले. बघायला आपलं कुणी नव्हतं. खरं काय घडलं ते पाकिस्तानकडच्या माहितीतूनच कळलं, आणि महावीर चक्र मिळालं 1988 ला.

यंत्रमागवाला:
23 वर्षं! बरं, देवय्यांना मानलं. एकटा माणूस, सोबत कुणी नाही, मेल्यावर सांगणाराही कुणी नाही. वडिलांच्या खंदकात निदान शेजारी दोस्त तरी होते. पण तेवढंच मानलं. बाकीच्या साहेबांचं माझं मत जागच्या जागी आहे.

होटगीरोडकर:
उपकार झाले.

ऊसवाला:
चिमणीचा वेगळा धागा काढलाय. नवीपेठकर, या तिकडं.