अविश्वास उगाच नाही

'अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्रार्थनेवर विसंबतात, मानसोपचार टाळतात, हे निव्वळ अज्ञान' असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. लोक काय म्हणतील ही धास्ती आहेच, पण या शास्त्राने त्यांना काय दिलं तेही बघा. १८५१ मध्ये लुइझियानाच्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामाचं पळून जाणं हाच मानसिक आजार ठरवला, त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' नाव दिलं आणि त्यावर उपाय सांगितला चाबकाचा! हे फार जुनं झालं म्हणावं, तर आजही तिथे काळ्या रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा) शिक्का गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा बसतो आणि नैराश्य मात्र नजरेतून सुटतं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने, या साऱ्याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी 'घरचं घरातच ठेव' म्हटलं तर नवल काय?

प्रार्थनेचा उल्लेख झाला, पण मनाला आधार देणाऱ्या सलूनचा राहिला. अटलांटात आमच्या घराजवळच्या सलूनमध्ये एका तरुणाचे केस कापताना बार्बरने मशीन बंद केलं आणि हळूच विचारलं, "झोप लागते का रे?" आई गेल्यापासून नाही, म्हणाला तो. बार्बरने खणातून एका समुपदेशकाचं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. लोरेन्झो लुइस यांनी अर्कान्सॉत सुरू केलेला 'कन्फेस प्रोजेक्ट' बार्बरांना नेमकं हेच शिकवतो: ऐकून कसं घ्यायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं.