अर्धवट सोडलेल्या गोळ्या, माजलेले जंतू आणि सगळा दोष पेशंटचा?

बिनटाक्याचा
काल 'पथ्यपाणी' यांनी लिहिलं की अँटिबायोटिक निकामी होताहेत त्याला कारण एकच: बेशिस्त पेशंट. ताप उतरला की गोळ्या सोडतात, उरलेले जंतू 'शहाणे' होतात आणि भोगतो समाज. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून हा धागा.

ही गोष्ट जुनी आहे. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणात एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच्या मनाने कमी पेनिसिलिन घेतो, स्ट्रेप्टोकोकस पुरते मरत नाहीत, तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही, ती मरते. तेव्हापासून आपण हेच घोकतोय. गंमत म्हणजे घसा धरणारा नेहमीचा ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनपुढे नांगी टाकतो. उदाहरणाला नेमका चुकीचा जंतू निवडला गेला!

पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी 1940 मध्येच नोंदवलं होतं, औषध लोकांच्या हाती पडायच्या आधी. म्हणजे प्रतिरोध, औषधाला न जुमानण्याची ताकद, काही जंतूंकडे होताच. औषध फक्त बाकीच्यांना मारून अशा जंतूंना जागा मोकळी करून देतं. आणि ही निवड नुसती दुखऱ्या घशात होत नाही. आतड्यात जे अख्खं गाव नांदतंय, ज्याचा या आजाराशी काही संबंध नाही, त्यालाही प्रत्येक गोळी झोडपते. तिथले प्रतिरोधी जंतू आपलं जनुक प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावरून, शेजाऱ्याला देतात. एक दिवस जास्त गोळी म्हणजे एक दिवस जास्त निवड. सुटलेल्या शेवटच्या गोळीपेक्षा गरज नसताना घेतलेली पहिली गोळी जास्त महागात पडते. 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी 'कोर्स पूर्ण करा' या सल्ल्याला पुरावा नाही असं उघड लिहिलं, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता.

पथ्यपाणी
वा! म्हणजे आता लोकांना सांगायचं, मनाला येईल तेव्हा सोडा? माझ्या मावशीने टीबीच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात बंद केल्या. बरं वाटत होतं ना! वर्षाच्या आत परत खोकला, आणि या वेळी नेहमीची दोन औषधं लागूच पडेनात. त्या बाईचं वजन उतरताना मी पाहिलंय. जर्नलं तुमच्यापाशी ठेवा.

बिनटाक्याचा
टीबीबाबत तुमचं बरोबर आहे. घ्या, लिहून दिलं. टीबीच्या जंतूला शेजाऱ्याकडून जनुक उसनं मिळत नाही, त्याच पेशंटच्या शरीरात म्युटेशन, म्हणजे जंतूच्या स्वतःच्या जनुकात बदल, होऊन प्रतिरोध तयार होतो. म्हणून तर एकाच वेळी अनेक औषधं आणि सहा-सहा महिने. पण टीबीचा नियम सर्दी-खोकल्याला कशाला? आणि मनाने सोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. कोर्स किती दिवसांचा हे डॉक्टरने पुराव्यावर ठरवावं, आठवड्याला सात दिवस असतात म्हणून नव्हे.

शब्दखोर
'प्रतिजैविक' असा सोपा शब्द असताना अँटिबायोटिक कशाला? आणि 'शरीराला औषधाची सवय होते' म्हणणाऱ्यांना आधी आवरा. सवय शरीराला होत नाही, जंतू बदलतो.

तिरकस
जंतूला दोन्ही शब्द कळत नाहीत. पुढे चला.

एकेकाळचा_आरएमओ
आता डॉक्टरांवर घसरणार हे दिसतंच आहे, म्हणून आधीच बोलतो. व्हायरल ताप आहे, गोळी नको, असं समजावायला दहा मिनिटं लागतात. लिहून द्यायला दहा सेकंद. समजावलं तरी पेशंट दुसऱ्याकडे जातो, तिथे गोळी मिळते, तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि तो डॉक्टर देव ठरतो. मी एका मुलाला असंच रिकाम्या हाती पाठवलं होतं. चौथ्या दिवशी न्यूमोनिया. वाचला तो. पण पुढे वर्षभर माझा हात आपोआप लिहायचा. हे चूक होतं, कळतं मला. तुम्ही त्या खुर्चीत बसून बघा.

गोळीवाला
आणि काउंटरवर आम्ही! जुनी रिकामी स्ट्रिप समोर टाकतात, 'हीच द्या, मागच्या वेळी गुण आला होता.' मागच्या वेळी लघवीचं इन्फेक्शन, या वेळी दाढ. नाही म्हटलं की भांडण.

गोठ्यातून
माणसांचं चालू द्या, पण जगात खपणाऱ्या अँटिबायोटिकपैकी अर्ध्याहून जास्त जनावरांच्या पोटात जातात, त्यावर कुणी बोलणार का? नुसतं वजन वाढावं म्हणून खाद्यात! युरोपीय संघाने 2006 मध्ये हे बंद केलं. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि पेशंटमध्येही कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-1 जनुक सापडलं. कोलिस्टिन म्हणजे भात्यातला जवळजवळ शेवटचा बाण.

खुरपं
मी जनावरांचा डॉक्टर. आलात वळणावर! आजारी जनावराला मरू द्यायचं का? उपचार वेगळा, वजनासाठी देणं वेगळं. दोन्ही एकाच दोरीला बांधू नका.

गोठ्यातून
मग हजारो पक्ष्यांच्या पाण्याच्या टाकीत औषध ओततात ते काय? उपचार? त्यातले शिंकत होते किती, पाच?

खुरपं
बोलताना जरा जपून. शेडमध्ये पाच शिंकले तर दोन दिवसांत पाचशे शिंकतात. एकेकाला पकडून चोच उघडणार का तुम्ही? हां, एक मान्य करतो, कारण ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय: सर्वांत आजारी पक्षी कोपऱ्यात पंख पाडून बसतो, पाणी पितच नाही. धडधाकट पितात पोटभर. ज्याला हवं त्याला कमी, ज्याला नको त्याला भरपूर. झालं समाधान?

गोठ्यातून
झालं. डेन्मार्कने 1995 मध्ये अ‍ॅव्होपार्सिन हे खाद्यातलं औषध बंद केल्यावर, त्याचंच भावंड असलेल्या माणसांच्या व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकस हे आतड्यातले जंतू कोंबड्यांत कमी झाले. म्हणजे सुधारता येतं.

खुरपं
कमी झाले, संपले नाहीत. अर्धंच सांगायची खोड सोडा.

तिरकस
धागा पेशंटवर होता ना? आता अंडी द्यायला लागला.

सातवा_मजला
मी फक्त वाचत होते. माझे वडील आयुष्यभर गोळ्यांचा डबा आठवड्याच्या खणांत भरायचे. एक गोळी सोडली नाही त्या माणसाने. खुब्याच्या ऑपरेशननंतर आयसीयूत क्लेबसिएला या जंतूचं इन्फेक्शन झालं. जंतूवर कुठलं औषध चालेल ते सांगणारा सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट माझ्या हातात दिला: औषधांची उभी यादी, प्रत्येकासमोर आर, आर, आर. म्हणजे चालणार नाही. खाली एकट्या कोलिस्टिनपुढे वेगळी खूण. ते दिलं, तर क्रिएटिनिन, किडनी बिघडत असल्याची खूण, चढायला लागलं. रोज सकाळी आधी कुठला आकडा विचारायचा, तापाचा की क्रिएटिनिनचा, तेच कळायचं नाही. तो जंतू त्यांनी नाही घडवला, पथ्यपाणी. तो कुणाच्या तरी हातावरून, कुठल्या तरी नळीवरून आला. 2019 मध्ये जगात साधारण 12.7 लाख मृत्यू थेट प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे. ते सगळे बेशिस्त होते?

पथ्यपाणी
ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं. 'कारण एकच' हे शब्द मागे घेतो. 'एक कारण' म्हणतो, तेवढं राहू द्या.

एकेकाळचा_आरएमओ
बिनटाक्याचा, तुमच्या बाजूने एक. रक्तातल्या इन्फेक्शनवर साडेतीन हजारांवर पेशंटची चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. सात दिवसांचा कोर्स चौदा दिवसांच्या तोडीस तोड ठरला. पण स्टॅफ ऑरियस हा चिवट जंतू त्यातून वगळला होता, म्हणून नाचू नका.

बिनटाक्याचा
बसूनच वाचतोय.

पथ्यपाणी
ठीक. मग आता जाणकारांनी एक सांगा. ड्रॉवरमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या सहा गोळ्या आहेत, त्यांचं काय करू?

गोळीवाला
मोरीत टाकू नका, कुणाला देऊ नका, पुढच्या खोकल्यासाठी ठेवू नका. औषधाच्या दुकानात परत घेतात का ते विचारा.

तिरकस
ते होईल. पण कोर्स पूर्ण केला असता तर सहा उरल्या कशा, ते आधी कळू द्या.

पथ्यपाणी
त्या बायकोच्या आहेत.