दोन अँटीव्हायरस म्हणजे डबल सुरक्षा? डोकं फिरलं का भो!

भुसावळकर: काल पाचोऱ्याच्या भाऊंनी लिहिलं की घरच्या कॉम्प्युटरवर ते दोन अँटीव्हायरस चालवतात, वरून एक वेगळी फायरवॉल (नेटवरची ये-जा अडवणारा प्रोग्रॅम), कारण काय तर दाराला दोन कुलपं लावली की चोराला दुप्पट मेहनत. डोकंच उठलं वाचून. अहो कुलूप गप पडून असतं, हे प्रोग्रॅम विंडोजच्या पार पोटात ड्रायव्हर घालून बसतात, तुम्ही फाईल उघडली की ती दोघंही तपासतात, मग टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि एक्सेलची साधी शीट उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. एकाने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकलेली फाईल कधीकधी दुसरा उकरतो आणि "धोका सापडला" म्हणून बोंब मारतो. धोका कसला, तो आधीच पकडलेला!

पाचोरावाला: माझ्याकडे तर मस्त चालतंय. आणि एकाच्या हातून सुटलेलं दुसरा पकडतो, हे खोटं आहे का? विंडोजमध्ये त्याचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, असतोच, म्हणजे दुसरा टाकला की तुमच्याकडेपण दोन झाले की.

भुसावळकर: नाही होत! दुसरा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, विंडोज सिक्युरिटी उघडून बघा. हवं तर अधूनमधून स्कॅन करायची सोय चालू ठेवता येते, पण कायमचा पहारा एकाचाच.

शिरपूरची ताई: ह्या सगळ्याचं मूळ दुकानवाला आहे, ते कोणी बोलतच नाही. आम्ही फॉर्मॅट मारायला दिला तर त्याने क्रॅकवालं, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं, विंडोज टाकलं, क्रॅक पकडला जातो म्हणून डिफेंडरच बंद करून ठेवला आणि वरून ट्रायलचा अँटीव्हायरस. ट्रायल संपली, घरात कोणाला पत्ता नाही, पोराने अजून एक टाकला.

चाळीसगाव एक्सप्रेस: ताई, ओरिजिनलचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईकच म्हणतं स्वस्तात कर. मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याखाली बसून मशीन खोलून बघा, मग बोला.

शिरपूरची ताई: शिरपुरात काय बर्फ पडतो का? स्वस्तात कर म्हटलं म्हणजे न सांगता डिफेंडर बंद कर असं कोणी म्हटलं? जावेच्या मशीनवर क्रॅकसोबत काय आलं देव जाणे, ब्राउझर उघडला की भलतीच पानं, पोरांसमोर!

चाळीसगाव एक्सप्रेस: मग विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाका, नि टाइप करा त्यावर श्रीलिपीत, विंडोजवरच्या त्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये.

पाचोरावाला: विषय काय, चाललंय काय! भुसावळकर, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशिनं निळा पडदा दाखवून बंद पडली, विमानं रखडली. तिथे तर एकच होतं ना?

भुसावळकर: अहो तेच तर! एक बिघडला तर ही गत, आणि तुम्ही तसले दोन पोटात घेऊन बसलात. दुसऱ्याचं मत पाहिजेच तर सांगितल्यावरच स्कॅन करणारं घ्या, चालवा आणि बंद करा.

पाचोरावाला: हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना भो, एवढं भाषण कशाला. काढतो एक. वाटा पेढे. फायरवॉल मात्र राहणार.

चाळीसगाव एक्सप्रेस: नुसतं अनइन्स्टॉल करून कधीकधी पूर्ण निघत नाही, त्या कंपनीचं रिमूव्हल टूल घ्या. आणि ताई, सगळेच दुकानवाले तसे नसतात, एवढंच म्हणतो.

शिरपूरची ताई: नसतील. आमच्या बिलावर पेनाने "विंडोज ओरिजिनल" लिहिलंय, ना सही ना शिक्का, जीएसटीचं तर विचारूच नका.